नैवेद्याआधीचा डबा

आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंबाखाली मारुती आहे. मूर्ती वगैरे नाही, शेंदूर लावलेला गुडघाभर उंचीचा दगड आहे. दर वर्षी पौषातल्या एका शनिवारी तिथं आमच्याकडून रोडगे होतात. वऱ्हाडाबाहेरच्या माणसासाठी सांगतो. गव्हाच्या जाड पिठाचे, ओवा-मीठ घातलेले, मुठीपेक्षा मोठे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप घालायचं आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. आधी मारुतीला नैवेद्य, मग पंगत. पन्नासेक माणूस सहज जेवून जातं. या रोडग्यांच्या दिवशी माझ्या हातून एक गोष्ट घडली, तिची लाज मला अजून वाटते. लिहून ती कमी होईल अशी माझी समजूत नाही. पण गावात ही गोष्ट एक गंमत म्हणून सांगितली जाते आणि ती गंमत नव्हती, एवढं तरी मी सांगायला हवं.

मी मास्तर होतो. कामरगावच्या आसपासच्या शाळांमधून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर शेताकडे बघू लागलो. नोकरीत माझी ख्याती भाषणांची. पंधरा ऑगस्ट असो की कुणाची जयंती, गुरुजी सर्वधर्मसमभावावर बोलणार हे ठरलेलं. शाळेच्या भिंतीवर मी स्वतः शिडी लावून निळ्या रंगात लिहिलं होतं, 'सारे देव एकच'. पोरं टाळ्या वाजवत, सरपंच मान डोलवत. मला विरोध करणारं कुणी कधी भेटलं नाही, म्हणून माझं म्हणणं बिनतोड आहे असं मला वाटू लागलं होतं.

आमच्या धुऱ्याला धुरा लागून ज्यांचं शेत आहे ते घर महानुभाव पंथाचं. त्यांच्यात एकदा उपदेश घेतला की माणूस एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या कुणाला हात जोडत नाही. दुसऱ्या देवतेला दाखवलेला नैवेद्य तोंडात घालत नाही. त्या घरचे भाऊ माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. लहानपणी आम्ही एकाच विहिरीत पोहायला शिकलो. मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून ते मला गुरुजी म्हणू लागले, अर्धं आदरानं आणि अर्धं चेष्टेनं.

आमच्या रोडग्यांना भाऊ दर वर्षी येत. त्यांच्या आधी त्यांचे वडील येत. ते कसे जेवत, याची एक रीत माझ्या आईनं घालून दिली होती. स्वयंपाक झाला की नैवेद्याचं ताट वाढायच्या आधी ती पितळेच्या एका डब्यात दोन-तीन रोडगे, भाजी आणि वरण काढून ठेवी आणि झाकण लावी. मग नैवेद्य. तो डबा शेजारच्या घरचा. ते पंगतीतच बसत, सगळ्यांशी बोलत, हसत, फक्त त्यांच्या पानात डब्यातलं वाढलं जाई. त्यांच्याकडे उपहार असला, म्हणजे त्यांच्या देवाला दाखवलेलं अन्न असलं, की भाऊंची आई आमच्या आईला आधी विचारी, "उपहाराचं हाय, चालते का?" आई म्हणे, "आमाले सगळं चालते." मी एकदा आईला विचारलं होतं, आपल्याला त्यांचं चालतं तर त्यांना आपलं का चालत नाही? ती पीठ मळत होती. म्हणाली, "आपल्याले चालते म्हनून त्यायले चालते असं थोडंच हाय."

आई शाळेत गेलेली नव्हती. मी डी.एड. झालेला. तिचं हे बोलणं मला त्या वयातही अडाणीपणाचं वाटलं.

आई गेल्यावर डबा माझ्या बायकोकडे आला. भाऊ पानावर बसले की तिला एकदा विचारत, "वहिनी, आधीचं ना?" ती म्हणे, "आधीचंच, भाऊजी." मग ते जेवत. हे इतकं सवयीचं झालं होतं की कुणाचं त्याकडे लक्षही जात नसे. माझं मात्र जाई. पन्नास माणसांच्या पंगतीत एकासाठी वेगळा डबा, हे माझ्या भाषणात बसत नव्हतं.

माझ्या निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पौषातली गोष्ट. रोडग्यांच्या आदल्या दिवशी मी कामरगावच्या स्टँडवर चहा प्यायला थांबलो होतो. जीपची वाट बघत आठ-दहा जण बसले होते, त्यात भाऊही होते. मी आवतण दिलं आणि वर म्हणालो, "भाऊ, यंदा ते डब्याचं राहू द्या. सगळ्याईसंगं जेवा."

"सगळ्याईसंगंच तं जेवतो," भाऊ म्हणाले. "डब्यानं काय बिघडते?"

झालं. मला विषय मिळाला. देव एकच आहे, नावं माणसांनी ठेवली, तुमचा कृष्ण काय आणि आमचा मारुती काय, नैवेद्य दाखवल्यानं वांग्याची चव बदलत नाही, असं बरंच मी सांगितलं. चहावाला ऐकतोय हे पाहून आवाजही थोडा चढवला. भाऊंनी कप संपेपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "गुरुजी, तुमचं म्हननं, सगळे खरे. माहं म्हननं, मले एकच खरा. आता सगळे खरे असतीन तं माहं बी खरं असलं पायजे. मंग मले सुदरवून काहून राह्यले तुमी?"

मी काहीतरी म्हणणार तोच ते पुढे म्हणाले, "आन एकच हाय तं तुमी या ना इकडं. मारुतीले सोडा आन आमच्यात या. नाही सोडवत ना? मले बी नाही सोडवत. दरखेपी मीच काहून इकडून तिकडं यावं?"

यात राग नव्हता. ते हसतच बोलले. पण बाकावरचे लोकही हसले आणि एकजण म्हणाला, "द्या गुरुजी उत्तर." सगळ्या भाषणांत मला कुणी इतका साधा प्रश्न विचारला नव्हता. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात तसं झालं. जीप आली, भाऊ बसले, बसताना म्हणाले, "येतो उद्या." मी मान हलवली. घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होतो, या माणसाला त्याची चूक दाखवून द्यायची.

दुसऱ्या दिवशी शेतात सकाळपासून धूर होता. गडीमाणसं गोवऱ्या रचत होती, बायका वांगी चिरत होत्या. तूर काढणीला आली होती आणि हरभरा घाट्यावर होता. दिवस इतका चांगला होता की कुणाचं वाईट करायची बुद्धी त्या दिवशी का व्हावी, हे मला अजून कळत नाही. बायकोनं नेहमीप्रमाणे पहिले रोडगे निघताच डबा भरला, झाकण लावलं आणि निंबाच्या खोडाशी पोत्यावर ठेवला. मग ती भाजीच्या गंजाकडे, म्हणजे मोठ्या पातेल्याकडे, गेली.

मी नैवेद्याचं ताट घेऊन मारुतीकडे निघालो. जाताना डाव्या हातानं तो डबा उचलला. ताट मारुतीपुढे ठेवलं, ताटाशेजारी डबा ठेवला, झाकण काढलं आणि दोन्हींभोवती मिळून पाणी फिरवलं. हात जोडले. झाकण लावलं, डबा परत पोत्यावर नेऊन ठेवला. या सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील. सगळे विस्तवातून रोडगे काढण्यात गुंतले होते, कुणी पाहिलं नाही. मला वर्गात एखादा प्रयोग मांडताना वाटायची तशी हुशारी वाटत होती.

पंगत बसली. भाऊ आले, बसले. बायको डबा घेऊन आली.

"वहिनी, आधीचं ना?"

"आधीचंच, भाऊजी."

भाऊंनी रोडगा फोडला. मी वरणाची बादली घेऊन वाढत फिरत होतो आणि त्यांच्यावर नजर ठेवून होतो. पहिला रोडगा संपला. दुसऱ्याचे दोन घास झाले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय भाऊ, कसा लागला मारुतीचा प्रसाद?"

त्यांना कळलं नाही. मग मी समजावून सांगितलं. डबा कसा नेला, पाणी कसं फिरवलं, सगळं. शेवटी म्हणालो, "काय झालं? चव बदलली का? पोटात काही दुखून राह्यलं का?"

पंगतीतले काही हसले. आधी दोघं-तिघं, मग आणखी काही. मीही हसलो.

भाऊंनी तोंडातला घास हातात काढला. तो पानात ठेवला, पानावर दुसरं पान पालथं घातलं. उठले, टाकीवर जाऊन हात धुतले, चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली. तोवर हसणं थांबलं होतं. परत येऊन त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, "झालं ना गुरुजी तुमच्या मनासारखं?" आणि धुऱ्यावरून आपल्या शेताकडे निघून गेले. रस्त्यानं गेले असते तर मारुतीपुढून जावं लागलं नसतं. ते मारुतीपुढूनच गेले, आणि तिथं राखणीला बसणाऱ्या गावातल्या म्हाताऱ्याला दर वर्षी म्हणतात तसं "येतो बरं" म्हणून गेले.

पंगत झाली. मी जेवलो. लोक गेल्यावर बायकोनं भांडी आवरली. घरी येऊन तिनं तो पितळेचा डबा राखेनं घासला, स्वच्छ धुतला, पालथा घातला आणि मग बोलली.

"तुमाले त्यायले खाऊ घालाचं होतं तं तुमी घालाचं होतं. माह्या तोंडून काहून खोटं वदवलं?"

मी म्हणालो, तुला ठाऊक नव्हतं, मग तू खोटं कसं बोललीस?

ती म्हणाली, "त्यायनं मले पुसलं, तुमाले नाही. सासूबाईच्या जागेवर बसून मी हो म्हनलं."

यावर मी तिला समजावायला लागलो. हेतू बघ, म्हणालो. माणसामाणसातली भिंत पाडायची होती. ती उठून आत गेली. मग मला त्या खोलीत माझाच आवाज ऐकू आला आणि तो मला आवडला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी पोरांना फळ्यावर कितीदा तरी लिहून दिली होती.

भाऊंनी बोलणं तोडलं नाही. तोडलं असतं तर बरं झालं असतं. धुऱ्यावर भेटले की रोही, म्हणजे नीलगायी, रात्री कुठून शिरले, तुरीला भाव काय लागला, सगळं बोलत. फक्त आमच्या घरचं पाणी पिणं त्यांनी बंद केलं. आपली बाटली आणत. विचारलं तर म्हणत, "आताच पेलो." कळलं ते इतकंच, की त्या दिवसानंतर ते आपल्या आश्रमात गेले, तिथल्या बाबाजींना सगळं सांगितलं आणि त्यांनी सांगितलं ते प्रायश्चित्त केलं. काय केलं ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं?

त्या पावसाळ्यात माझं पोटाचं ऑपरेशन झालं. अकोल्याला पंधरा दिवस आणि मग घरी दोन महिने अंथरुणावर. सोयाबीनकडे भाऊंनी पाहिलं. डवरणी, फवारणी, बाया लावणं, सगळं. मी शेतात पहिल्यांदा गेलो तेव्हा काढणी सुरू झाली होती. मारुतीकडे गेलो. मला वाटलं होतं, दगड कोरडा पडला असेल, कारण दर शनिवारी तेल घालणारा मीच. तर दगडावर ताजं तेल होतं, रुईच्या पानांची माळ होती आणि भोवतालचं गवत काढलेलं होतं.

निंदणाला येणारी बाई जवळच होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "मीच घालतो ना. शेजारच्या भाऊनं सांगतलं. दर शनवारी तेलाची शिशी घेऊन येत आन मले देत. म्हनत, तू घाल, मी इथं उभा राह्यतो. एक शनवार मी नाही आली तं गावातून दुसऱ्या बाईले घेऊन आले."

"ते स्वतः?"

"ते कसे घालतीन? ते त्यायचं नाही ना. मी पुसलं त्यायले, तुमचं नाही तं तुमी काहून एवढं करता? तं म्हने, माहा नाही पन गुरुजीचा नेम हाय. शनवार मोडला असं कळलं तं गुरुजी दवाखान्यातून उठून येतीन."

ती हसली. मी तिथं खाली बसलो. टाके ओढत होते म्हणून बसलो, असं तिला वाटलं असेल. ज्या देवाला तो माणूस देव मानत नाही, त्याच्यापुढे तो प्रत्येक शनिवारी शिशी घेऊन उभा राहिला. का, तर मी मानतो म्हणून. आणि मी सारे देव एक आहेत असं म्हणत म्हणत त्याच्या देवाशी त्याला खोटं ठरवलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. पंगतीत तो उठून गेला तेव्हाही नाही.

दिवाळीनंतर हरभऱ्याच्या पेरणीच्या वेळी भाऊ त्यांच्या शेतात स्प्रिंकलरचे पाइप जोडत होते. मी गेलो. एक पाइप उचलून दिला.

"भाऊ, माहं चुकलं."

"हो," भाऊ म्हणाले.

आमच्याकडे असं झालं की समोरचा म्हणतो, जाऊ द्या ना, त्यात काय. मी तसंच म्हणण्याची वाट पाहत होतो. ते म्हणाले नाहीत. पाइपाची कडी बसवली, हात पुसले.

"पोटात गेलं त्याचं काही नाही, गुरुजी. ते मी बाबाजीले सांगतलं, त्यायनं सांगतलं ते केलं. ते निस्तरलं. पन माह्या बापानं तुमच्या घरी कधी झाकन उघडून पाह्यलं नाही. मी बी तसंच, पुसलं, वहिनीनं हो म्हनलं का जेवलो. आता मले 'हो'वर भरोसा ठेवाले जड जाते. हे कसं निस्तरावं, मले समजत नाही."

मी म्हणालो, बायकोला काहीच माहीत नव्हतं.

"मले मालूम हाय. म्हनून तं जास्त वाईट वाटते. तिचा 'हो' खरा होता, आन तरी तो खोटा झाला."

मी मारुतीच्या तेलाचा विषय काढला. ते म्हणाले, "त्याचं काय मोठं? शेजारधर्म हाय." आणि पुढचा पाइप उचलला. तुमचं त्या दिवशीचं स्टँडवरचं म्हणणं बरोबर होतं, हेही मी सांगणार होतो. सगळे खरे म्हणणाऱ्यानं समोरच्याला खोटं पाडायचं नसतं, हे मला कळलं असं सांगणार होतो. पण मला वाटलं, हे पुन्हा भाषण होईल. मी पाइपाचं दुसरं टोक धरलं. निघताना विचारलं, "यंदा रोडग्याले याल ना?"

"येईन. न यायले काय झालं?"

गेल्या पौषात रोडगे झाले. त्या दिवशी बायको माझ्या आधी शेतात गेली होती. तिनं निंबापासून लांब, विहिरीजवळ, दोन दगडांची वेगळी चूल मांडली. छोट्या गंजात वेगळी भाजी, वेगळं वरण. चार रोडगेही वेगळ्या विस्तवात भाजले. डबा भरला, झाकण लावलं आणि तो मांडीजवळ घेऊन पोत्यावर बसली.

नैवेद्याची वेळ झाली. मी तिला हाक मारली, "चला, नैवेद्य दाखवू." लग्न झाल्यापासून आम्ही दोघं मिळून तो दाखवत आलो, मी ताट धरायचं आणि तिनं पाण्याचा तांब्या. त्याच्या आदल्या वर्षी तेवढं मी एकट्यानं केलं होतं.

ती म्हणाली, "तुमी दाखवा. मी इथून हालत नाही."

मी एकट्यानं नैवेद्य दाखवला. एका हातानं ताट ठेवलं आणि एका हातानं पाणी फिरवलं. मागं वळून पाहिलं तर ती माझ्याकडेच पाहत होती, माझे दोन्ही हात दिसतील अशा बेतानं.

भाऊ आले. पंगतीत त्यांच्या नेहमीच्या जागी बसले. बायको डबा घेऊन गेली. भाऊंनी डब्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते उठतील.

मग म्हणाले, "वहिनी?" पुढचं विचारलंच नाही.

"मीच रांधलं, भाऊजी, मीच काढलं. आन काढल्यापासून उठली नाही."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि पान पुढे सरकवलं. तिनं वाढलं. त्यांनी रोडगा फोडला, तूप मागितलं, खाल्लं. मी वरणाची बादली घेऊन रांगेतून येत होतो. त्यांच्यासमोर आलो आणि सवयीनं पळी भरली. "भाऊ, वरण?"

त्यांनी पानावर हात आडवा धरला. "डब्यात हाय, गुरुजी," असं म्हणाले, अगदी साधेपणानं.

बायको त्यांच्या पानाशी बसली होती. मी बादली घेऊन पुढच्या पानाकडे जाईपर्यंत तिनं डब्याच्या झाकणावरचा हात काढला नाही.